मायदेशी जाताना विमा: 'होम कंट्री कव्हर' तपासा

परदेशात नोकरी करताना कंपनीचा आरोग्य विमा आहे तर सुट्टीत मायदेशी जाताना वेगळा विमा नको असं काही जण म्हणतात, पण जरा थांबा, आधी पॉलिसीत 'होम कंट्री कव्हर' (म्हणजे मायदेशातल्या उपचारांनाही विमा लागू असणं) शोधा. कितीतरी पॉलिसींत मायदेश वगळलेलाच असतो, नाहीतर ठरावीक दिवसांची मर्यादा आणि तेही फक्त इमर्जन्सीला, म्हणजे बीपी-शुगरचं जुनं दुखणं उपटलं की वांधे. मागच्या सुट्टीत मी जिन्यावरून घसरले, मनगट मोडलं, कॅशलेस नाही म्हणाले म्हणून सगळे पैसे आधी स्वतः भरले आणि नंतर क्लेम परत आला, का तर डिस्चार्ज कार्डावर डॉक्टरांचा शिक्काच नव्हता! दोन महिने गेले त्यात. ओरिजिनल बिलं, रिपोर्ट सगळं हॉस्पिटलमधून निघतानाच घ्या, आणि अ‍ॅडमिट झाल्याचं हेल्पलाइनला लगेच कळवा, बऱ्याच ठिकाणी २४ किंवा ४८ तासांची अट असते.