शाळेची नवी बिल्डिंग, काँट्रॅक्टर फर्स्ट क्लास म्हणे, पण आगीचं कोण बघणार?

जांबोटी_रोड
नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यात आमच्या गावच्या सरकारी मराठी शाळेला माडीसकट नवी बिल्डिंग झालीय, खाली तीन वर्ग वर तीन. मी एसडीएमसीत, म्हणजे शाळेच्या पालक समितीत आहे म्हणून विचारायलोय. वर जायला जिना एकच, त्याच्या खालच्या कोनाड्यात बिसीऊटची (पोरांच्या दुपारच्या जेवणाची) शेगडी आणि गॅसचे दोन सिलिंडर, आणि जिन्याच्या तोंडाला ग्रिल, रात्री पोरं वर जाऊन दारू पितात म्हणून कुलूप. आगीचं काय म्हणून विचारलं तर काँट्रॅक्टर म्हणाला माझं पीडब्ल्यूडीचं क्लास वन लायसन्स आहे, काळजी करू नका, आणि आग विझवायचा एक लाल सिलिंडर ऑफिसात अडकवून गेला. क्लास वन म्हणजे आगीचंपण तपासलेलं असतं का? सांगा की कोणीतरी.

उद्यमबाग_वायरमन
नसतं हो. क्लास वन, टू, थ्री हे तो किती रकमेपर्यंतचं काम घेऊ शकतो त्याचं रजिस्ट्रेशन. त्याची आर्थिक ताकद, आधीची कामं बघून देतात, आगीशी संबंध नाही. वायरिंगचं लायसन्स वेगळं, ते विद्युत निरीक्षणालयाकडनं मिळतं, आणि मीटर घेताना हेस्कॉमला, म्हणजे वीज कंपनीला, लायसन्सवाल्याच्या सहीचा कम्प्लिशन रिपोर्ट द्यावा लागतो. तो रिपोर्ट मागून घ्या आणि सही कोणाची ते बघा. आमच्या धंद्यात लायसन्स एकाचं, काम दुसऱ्याचं, आणि वायर ओढणारं पोरगं तिसऱ्याचंच, हे मी तीस वर्षं बघत आलोय. बोर्ड उघडून बघा, सॉकेटला २.५ स्क्वेअर एमएमची वायर पाहिजे, लाईटच्या १.५ वरच पंप जोडून मोकळे होतात. आणि ३० मिलीअँपचा आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा स्विच) नसेल तर आधी तो बसवून घ्या.

निपाणीकर_काका
वायरमनचं बरोबर, पण तुम्ही सगळे लायसन्सच्या मागं लागलाय आणि खरी गोष्ट पोस्टमध्येच लिहिलीय राव. जिन्याखाली शेगडी!! १६ जुलै २००४ ला तमिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेत आग माध्यान्ह भोजनाच्या स्वयंपाकघरातनंच सुरू झाली, वर गवताचं छप्पर, जिना अरुंद, ९४ पोरं गेली. तुमचं छप्पर स्लॅबचं आहे हे खरं, पण धुराला स्लॅबचं काय, जिना म्हणजे धुराची चिमणीच की. आणि गॅस हवेपेक्षा जड, गळला तर त्या कोनाड्यातच खाली साचून राहणार. त्याच घटनेवरनं सुप्रीम कोर्टानं २००९ मध्ये सांगितलंय की मान्यता द्यायच्या आधी शाळेची इमारत नॅशनल बिल्डिंग कोडप्रमाणं सुरक्षित आहे का ते राज्यांनी बघायचं, शिक्षकांना आग विझवायचं शिकवायचं. माडी एकच आहे, हायराइज धरायला १५ मीटर उंची लागते, असं म्हणून कोणी टाळलं तर ऐकू नका, बाहेर पडायच्या वाटेचे नियम ठेंगण्या इमारतीलापण आहेत. शाळेचा जिना १.५ मीटर रुंद पाहिजे, दारं बाहेरच्या बाजूला उघडणारी. टेप घेऊन मोजा.

सिस्टर_अक्का
मी सरकारी दवाखान्यात आहे, आमच्याकडंपण हीच गत. भंडाऱ्यात २०२१ च्या जानेवारीत दवाखान्याच्या आगीत दहा बाळं गेली तेव्हा आठवडाभर सगळे एक्स्टिंग्विशर पुसायले, मग पुन्हा त्याच्यावर मास्कचे खोके. दादा, त्या लाल सिलिंडरवरचा काटा हिरव्यात आहे का, म्हणजे आत प्रेशर आहे का, आणि रिफिलची तारीख लिहिलीय का बघा. आणि ऑफिसात कशाला, स्वयंपाकाजवळ पण शेगडीपासनं लांब, दाराशी लावा. आग लागल्यावर शेगडीवरनं हात घालून कोण काढणार?

निपाणीकर_काका
अजून एक. कागदं माहिती अधिकारात मागा, दहा रुपये फी. पण मराठीत अर्ज नको, कायद्यात इंग्लिश, हिंदी नाहीतर त्या भागाची अधिकृत भाषा एवढंच आहे, उगाच भाषेवरनं परत पाठवतील आणि आपण भांडत बसू. कन्नडात कोणाकडनं तरी लिहून घ्या, एकच विषय, आणि दीडशे शब्दांच्या आत.

जांबोटी_रोड
मोजलं. १ मीटर १० सेंटीमीटर. हेडमास्तर म्हणाले प्लॅनमध्ये दीडच होता, मग गौंड्याला विचारलं तर तो म्हणतो संडासाची भिंत आत घ्यायला सांगितली म्हणून कमी केला, कोणी सांगितली ते नाव काही सांगेना. गॅसचे सिलिंडर आज दोघांनी उचलून मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये नेलेत, शेगडी उद्या. स्वयंपाकाच्या अक्का चिडल्यात, पावसात भिजत भात शिजवू का म्हणून, त्यांचंही बरोबरच आहे, शेडला एक बाजू झाकून द्यायचं ठरलंय. काट्याचं विचारलं होतं ना सिस्टर, लाल मध्ये आहे, आणि तारखेचं स्टिकरच नाही. ग्रिलची चावी शिपायाच्या घरी असते, घर शाळेपासनं अर्धा किलोमीटर. सोमवारपासनं प्रार्थनेआधी कुलूप काढून ते ऑफिसच्या टेबलावर आणून ठेवायचं आणि हजेरीच्या वहीत सही करायची, असं त्याला सांगितलंय. कम्प्लिशन रिपोर्ट अजून मिळालेला नाही.