अमेरिकेत जन्मलेल्या बाळाचं नागरिकत्व आईबापाच्या व्हिसावर का ठरावं?

धागाकर्ती:
२० जानेवारी २०२५ ला ट्रम्पनी सही केलेला, तिथे जन्मलेल्या काही बाळांना नागरिकत्व नाकारणारा आदेश फक्त बेकायदा घुसलेल्यांसाठी आहे असं आपल्याकडे बरेच जण धरून चाललेत. तसं नाहीये. आई काम, शिक्षण किंवा टुरिस्ट व्हिसावर असेल आणि बाप सिटिझन किंवा ग्रीनकार्डवाला (तिथे कायम राहायची परवानगी असलेला) नसेल तर बाळाला नागरिकत्व नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. म्हणजे एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर रीतसर टॅक्स भरणारे आपले लोकही आलेच. कोर्टांनी लगेच स्थगिती दिली, पण मुळात विचारच चुकीचा आहे. अमेरिकेत जन्मला तो तिथला नागरिक असं सांगणारी त्यांची चौदावी घटनादुरुस्ती १८६८ ची, गुलामगिरीतून सुटलेल्यांच्या पोरांना उद्या कुणी परकं ठरवू नये म्हणून केलेली, तिच्यात आईबापाच्या व्हिसाचा विषयच नाही.

रोखठोक:
अजिबात पटलं नाही. भारतानेच १ जुलै १९८७ पासून निदान एक पालक भारतीय हवा असं केलं, २००४ पासून दुसरा बेकायदा आलेला नसावा हेही घातलं. ब्रिटनने १९८३ ला नियम बदलला, आयर्लंडने २००४ ला. आपल्या घरी चालतो तो नियम त्यांनी लावला की लगेच अन्याय?

धागाकर्ती:
अहो पण भारतात संसदेने कायदा केला, आयर्लंडने सार्वमत घेतलं. इथे राज्यघटनेतली गोष्ट एका सहीने बदलायला निघालेत. आणि १८९८ ला वोंग किम आर्कच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की, आईबाप चिनी, त्यांना तेव्हा नागरिक होताच येत नव्हतं, तरी सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेला मुलगा अमेरिकनच.

रोखठोक:
त्याचे आईबाप तिथे कायमचे राहणारे होते, निकालातच तसं म्हटलंय. बाळंतपणापुरतं विमानाने जाऊन पासपोर्ट घेऊन येणाऱ्यांना तो कसा लागू होईल?

वाटसरू:
टुरिस्टांचं एक वेळ मान्य. पण एच-वन-बी वाल्याला तात्पुरता कसं म्हणायचं हो? ग्रीनकार्डात एका देशाला साधारण ७ टक्क्यांची मर्यादा, त्यामुळे भारतीयांची रांग कित्येक वर्षं हलत नाही, तेवढ्यात घर होतं, शाळा होतात. भारतातून नेलेली मुलं २१ ची झाली की आईबापाच्या व्हिसावरून बाहेर पडतात, कॉलेजच्या ऐन मधे स्वतःचा व्हिसा शोधायची वेळ येते. आता हेच तिथेच जन्मलेल्या पोरांच्या नशिबी आणायचं? शिवाय आज जन्मदाखला दाखवला की पासपोर्टला पुरतो. उद्या खुद्द अमेरिकन आईलाही बाळासाठी आधी स्वतःचे कागद काढावे लागतील.

रोखठोक:
मग रांग दुरुस्त करा ना! कोटा चुकीचा आहे हे मलाही मान्य आहे, पण म्हणून येईल त्याच्या बाळाला नागरिकत्व द्यायचं हे काही त्यावरचं उत्तर नाही.

धागाकर्ती:
नोकरीवाल्या ग्रीनकार्डातला तो कोटा काढायचं बिल २०१९ ला खालच्या सभागृहात ३६५ विरुद्ध ६५ ने पास झालं होतं, पुढे दोन्ही सभागृहांचं एका मसुद्यावर जमलंच नाही आणि ते बारगळलं. रांग कधी दुरुस्त होईल ती होवो, तोवर जन्मणाऱ्या मुलांनी कुठल्या देशाचं म्हणून वाढायचं ते सांगा.