टोस्टमास्टर्सला पाहुणा म्हणून गेलो आणि ३८ सेकंदात बोबडी वळली.. मेंबर व्हावं का?

मुका_बाणेरकर:
काल मित्राच्या नादी लागून टोस्टमास्टर्सच्या (चारचौघांत भाषण करायचा सराव करतात तो क्लब) मीटिंगला जाऊन आलो. बाणेरमध्येच, एका सोसायटीचं क्लबहाउस, वीसेक माणसं, मागे टेबलावर सामोसे नि थर्मासमधला चहा. सात म्हणजे सातला सुरू झालं, पुण्यात एखादा कार्यक्रम प्रमुख पाहुण्यांची वाट न बघता सुरू होतो हे बघूनच मी निम्मा गार झालो होतो.

आधी तिघांची तयारीची भाषणं झाली, ती मजेत ऐकली. मग टेबल टॉपिक्स. म्हणजे आयत्या वेळी विषय देतात आणि एक ते दोन मिनिटं बोलायचं. मी मागच्या रांगेत सामोसा संपवत होतो तर मित्राने माझा हात धरून वर केला (त्याच्याशी सध्या बोलणं बंद आहे). विषय आला, घरातली एखादी वस्तू बोलायला लागली तर काय म्हणेल. मी म्हटलं मिक्सर. आणि त्यानंतर डोकं साफ रिकामं, समोर टायमर, म्हणजे वेळ मोजणारी मेंबर, हिरवं कार्ड हातात घेऊन बसलेली, ते एक मिनिट झालं की वर करतात, मला ते दिसलंच नाही कारण ३८ सेकंदात थँक्यू म्हणून खाली बसलो. वर शेवटी आ-काउंटर नावाचा एक माणूस उठून सगळ्यांचे अं-आं वाचून दाखवतो, माझ्या नावावर ९ ॲक्च्युअली आणि ४ म्हणजे. इंग्रजी भाषणात ४ म्हणजे! सगळे हसले, मीही हसलो, पण घरी येईपर्यंत कान गरम होते.

आता खरं दुखणं सांगतो. मी शाळेत वक्तृत्व स्पर्धेत तालुक्यात दुसरा आलेलो माणूस आहे. 'अध्यक्ष महोदय, पूज्य गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बालमित्रमैत्रिणींनो' हे आजही झोपेतून उठवलंत तरी हातवाऱ्यांसकट म्हणेन. मला वीस वर्षं वाटत होतं आपल्याला बोलता येतं. तर फी भरून काही होतं का? भीती जाते, की नुसती सवय होते? आणि इंग्रजीच का?

पिवळं_कार्ड:
तीन वर्षं मेंबर आहे म्हणून सांगतो. भीती जात नाही, पण पोटात गोळा येतो तो बोलायला लागल्यावर अर्ध्या मिनिटात उतरतो, पूर्वी दोन दिवस आधीपासून असायचा. फी म्हणाल तर मुख्य संस्थेची सहा महिन्यांची ६० डॉलर, नव्या मेंबरला एकदाच २० डॉलर जास्तीचे, आणि हॉलचं भाडं-चहा प्रत्येक क्लबचं वेगळं. पाहुणा म्हणून जायला पैसे लागत नाहीत, दोन-तीन वेगळे क्लब फिरा मग ठरवा, क्लबाक्लबात फार फरक असतो. इंग्रजीची सक्ती नाहीये, कुठल्या भाषेत मीटिंग घ्यायची ते क्लब ठरवतो.

आणि लगेच आइसब्रेकर घेऊ नका. (ते पहिलं भाषण, स्वतःबद्दल, ४ ते ६ मिनिटं.) आधी टायमर व्हा. उभं राहून नियम सांगायचे, शेवटी कोणी किती वेळ घेतला ते वाचायचं, बास. उभं राहायची सवय होते आणि बोलायला काय, तर नुसते आकडे. मी सलग चार मीटिंग टायमर होतो, हिरवं-पिवळं-लाल कार्ड दाखवत, आयडी तिथूनच आलाय.

तिरका_चष्मा:
थोडं वेगळं मत. मी वर्षभर जाऊन सोडलं. सगळ्यांना टाळ्या, सगळ्यांना 'छान प्रयत्न', मूल्यमापन म्हणजे सँडविच, वर कौतुक खाली कौतुक आणि मध्ये चिमूटभर टीका. काही महिन्यांनी सगळे एकसारखेच बोलायला लागतात हो, तोच पॉज, तेच दोन पावलं पुढे येणं, सुरुवातीला तोच 'कल्पना करा की'. आमचे आजोबा वसंत व्याख्यानमालेला न चुकता जायचे, १८७५ ला न्यायमूर्ती रानड्यांनी सुरू केलेली, हे टोस्टमास्टर्स १९२४ चं, कॅलिफोर्नियातल्या वायएमसीएमध्ये निघालेलं. आजोबा घरी येऊन वक्ता काय म्हणाला ते सांगायचे, हात कसे हलवले ते नाही.

पिवळं_कार्ड:
@तिरका_चष्मा सँडविचचं मान्य, आमच्याकडेही ब्रेडच जास्त असतो. पण व्याख्यानमालेत आजोबा ऐकायला जायचे ना, बोलायला मिळायचं का त्यांना?

सातारच्या_बाई:
मी बावीस वर्षं शाळेत आहे, या स्पर्धांना परीक्षक म्हणून बसते. मुलाचं एक वाक्य अडलं की ते थेट 'अध्यक्ष महोदय'पासून परत सुरू करतं, कारण पाठांतर साखळीसारखं असतं, मधली कडी सुटली की संपलं. भाषण वडिलांनी नाहीतर आम्हीच लिहून दिलेलं. तेव्हा तुम्हाला बोलता येत नव्हतं असं नाही, तुम्हाला कोणी बोलायला दिलंच नव्हतं, यात आम्हा शिक्षकांचाही दोष आहे.

एक करून बघा. तोच मिक्सर घ्या, मराठीत, फोनवर दोन मिनिटं रेकॉर्ड करा. लिहायचं नाही. फक्त पहिलं वाक्य ठरवायचं आणि शेवटचं, मध्ये काय यायचं ते येऊ दे. अडलात तर गप्प राहा, ऐकणाऱ्याला ती शांतता तुमच्याइतकी लांब वाटत नाही.

मुका_बाणेरकर:
बाई, केलं. रात्री साडेदहाला ओट्याजवळ उभं राहून. पहिलं वाक्य, 'मला रोज सकाळी चटणीसाठी उठवतात पण चटणी कशी झाली हे कोणी मला विचारत नाही.' १ मिनिट ५२ सेकंद बोललो! 'म्हणजे' ११ वेळा आलं ते सोडा. मध्येच बायको पाणी प्यायला आली, बघून काही न बोलता परत गेली, सकाळी विचारते ऑफिसात सगळं ठीक आहे ना.

पुढच्या गुरुवारी टायमर म्हणून नाव दिलंय. मित्राशी बोलणं सुरू करावं लागलं कारण कार्डं त्याच्याकडे होती. हिरवं-लाल आहे, पिवळ्यावर लेकीने सूर्य काढून ठेवलाय.