वाळवंटातून पुण्यात: तुमचा शेवटचा दिवस कसा गेला?

जैसलमेरजवळच्या समच्या वाळूच्या टेकड्या, उंट आणि सूर्यास्त यांचे फोटो आपण सगळ्यांनीच बघितलेत आणि खरं सांगू का, आता पुरे झालेत. मला उत्सुकता आहे ती परतीच्या शेवटच्या दिवसाची. दहा-बारा दिवस गाडीनं वाळवंट पालथं घालायचं आणि त्या दिवसाबद्दल मात्र 'दमून आलो, झोपलो' एवढंच सांगायचं! मारवाड असो, कच्छ असो, नाहीतर परदेश. सविस्तर लिहा. सुरुवात मीच करते.

कोथरूड

जैसलमेर ते पुणे हे अकराशेच्या वर किलोमीटर, त्यामुळे शेवटचा मुक्काम वडोदऱ्याला. पहाटे पाचला निघालो. गाडीत मी, नवरा आणि सासूबाई. वाळू सांचोरच्या आसपासच मागे पडली होती, पण गाडीत ती होतीच: सीटच्या रुळांत, एसीच्या जाळीत, खाकऱ्याच्या डब्याच्या झाकणाखाली. दहा दिवस कोरड्या हवेत काढल्यामुळे ओठ फुटलेले. सासूबाई तर टाचांना रोज रात्री खोबरेल चोळून मोजे घालून झोपायच्या. तलासरी आली तशा म्हणाल्या, "आला गं बाई महाराष्ट्र," आणि मोजे काढून पर्समध्ये टाकले. तिथून पुढे घोडबंदरला दोन तास अडकलो. त्याबद्दल लिहीत नाही, सगळ्यांना माहीत आहे.

खालापूरचा नाका ओलांडून घाटाला लागलो तेव्हा दिवेलागण झाली होती. काच खाली केली आणि ओलसर गार वारा आत आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा नाक दुखलं नाही. मला वाटतं माझा प्रवास तिथेच संपला, घरी नाही.

घरी गेल्यावर मी एक चूक केली. सतरंज्या गॅलरीत झटकल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या मजल्यावरून सुवाच्य अक्षरात चिठ्ठी आली: 'राजस्थान आमच्या तुळशीत पडले आहे. उरलेले कृपया खाली जाऊन झटकावे.'

सहकारनगर

घोडबंदरला दोन तास अडकायचं कारणच काय? आम्ही मुंबईच्या वाटेला जात नाही. चिखलीला महामार्ग सोडायचा, वांसदा, वघई, सापुतारा, मग नाशिक, संगमनेर, नारायणगाव. घाटरस्ता आहे, वेळही जास्त लागत असेल, पण माणूस घरी माणसासारखा पोचतो. जैसलमेरहून येताना आठवडाभर सपाट बघून डोळे विटले होते. सापुताऱ्याच्या चढावर पहिलं वळण आलं आणि मंडळी (म्हणजे आमची ही) म्हणाली, "हं, आता रस्त्यासारखा रस्ता."

नारायणगावला मसाला दूध. पुढे चाकण आणि मोशी. तिथे आम्हीही अडकलोच, पण ते घरचं अडकणं.

चिंचवड

आम्ही दोघे मित्र, दोन बुलेट, कच्छचं मोठं रण. धोलावीरा २०२१ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आलं, तेव्हापासून डोक्यात होतं. खावड्याहून तिकडे जाणारा रस्ता रणातून जातो, दोन्ही बाजूंना मीठच मीठ. फोटोच्या नादात आम्ही गाड्या रस्त्यावरून खाली त्या पांढऱ्यात घातल्या. वरची पापडी कडक, खाली काळा चिखल. पावसाळ्यात तिथे समुद्राचं आणि पावसाचं पाणी भरतं, ते आटलं की मीठ उरतं, हे शाळेत वाचलं होतं. वाचलेलं आणि मडगार्डमध्ये गच्च भरलेलं, यात फरक आहे.

भुजला गाड्या धुवायच्या होत्या, पण 'घरी गेल्यावर बघू' म्हटलं. तीच चूक. रणात हवा कोरडी होती तोवर मीठ निपचित होतं. शेवटच्या दिवशी भरूचहून निघालो, किनाऱ्याच्या दमट हवेत आलो आणि ते ओल धरायला लागलं. मनोरला चहाला थांबलो तर चेनचा आवाज कुरकुर, कुरकुर, साबुदाण्याचे पापड मोडल्यासारखा. वाकून बघितलं: चेन तांबूस झालेली, डिस्कच्या बोल्टांवर तपकिरी ठिपके. चेनला स्प्रे मारला, आवाज खोपोलीपर्यंत गेला, मग परत आला.

चिंचवडला वॉशिंगवाल्या पोरानं प्रेशरचा पाइप खालून मारला, पांढरं पाणी वाहिलं. म्हणाला, "काका, गाडी समुद्रात घातली होती का?"

मी ३४ वर्षांचा आहे. गंजापेक्षा 'काका' जास्त लागलं.

जाणाऱ्यांसाठी: रणातून बाहेर पडलात की त्याच दिवशी साध्या पाण्यानं गाडी खालून धुवा.

वाकड

माझा अनुभव गमतीचा नाही. जोधपूरहून निघालो तेव्हा अहमदाबादला मुक्काम ठरला होता. संध्याकाळी तिथे पोचल्यावर वाटलं, आता घरच तर आहे, मारू एका दमात. बायको नको म्हणत होती. ती दहापर्यंत चालवायला तयार होती, मी स्टिअरिंग सोडलं नाही. पहाटे तीनच्या सुमाराला, चारोटीच्या पुढे कुठेतरी, मला समोर रस्ता दिसत होता असं मी आजही शपथेवर सांगेन. कर्रर्र असा आवाज आला तेव्हा डाव्या बाजूचा आरसा गेलेला होता आणि दार कठड्याला घासत होतं. कुणाला लागलं नाही. मागच्या सीटवर मुलगी जागीसुद्धा झाली नाही.

गाडी पेट्रोलपंपावर लावून उजाडेपर्यंत झोपलो. बायको एक शब्द बोलली नाही. सकाळी फक्त किल्ली मागितली आणि पुण्यापर्यंत तिनंच चालवली. आजोबा म्हणायचे, बैलाचं तोंड घराकडे वळलं की त्याला चाबूक लागत नाही. मी ते कौतुकाचं समजत होतो.

औंध

मुलाकडे ऑस्ट्रेलियात गेलो होतो तेव्हा ॲडलेड ते पर्थ गाडीनं केलं, नलारबॉरचं पठार ओलांडून. तिथे १४६ किलोमीटरचा एक पट्टा आहे, वळण म्हणून नाही. मी सुनेला म्हटलं, हिला इथे शिकवली असती तर चार दिवसांत लायसन मिळालं असतं. (हिनं ते ऐकलं.) त्याआधी राज्याच्या सीमेवर फळं, भाज्या, मधसुद्धा काढून घेतात, म्हणून नाक्याआधी गाडी थांबवून चौघांनी सात संत्री संपवली.

शेवटचा दिवस नॉर्समन ते पर्थ, सातशेवर किलोमीटर. कूलगार्डीपासून रस्त्याच्या सोबतीला एक जाडजूड नळ. मुलगा म्हणाला, पर्थजवळच्या धरणाचं पाणी याच्यातून पाचशेवर किलोमीटर आत, कालगुर्लीच्या सोन्याच्या खाणींकडे चढवतात, १९०३ पासून. आम्ही निघालेलो घराकडे आणि पाणी आमच्या समोरून येऊन वाळवंटाकडे चाललेलं. माझी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली, उभा जन्म खडकवासल्याच्या कालव्यावर कुणाचं पाणी कुणी पळवलं ते ऐकण्यात. त्यामुळे बाकीचे झोपले तरी मी तो नळ बघत बसलो होतो. कुठे जमिनीखाली जातो, कुठे परत वर येतो. मेरेडिनला चहाला उतरलो तेव्हा जवळ जाऊन हात लावून आलो. उन्हात होता, चांगलाच तापलेला.

खडकी

सासरे फौजेत होते, काही वर्षं जैसलमेरकडे. गेल्या डिसेंबरात त्यांना लोंगेवाला आणि तनोट दाखवायला घेऊन गेलो. खरं म्हणजे तेच आम्हाला दाखवत होते. गाडीत वीस लिटरचा पाण्याचा कॅन ठेवायचा, हा त्यांचा हुकूम. जाताना ठीक होतं. पण परतीच्या दिवशी, गुजरातेत पावलापावलाला हॉटेलं असताना, प्रत्येक थांब्यावर ते स्वतः उतरून कॅन काठोकाठ भरत होते. सुरतेला भरला, वापीला भरला. लोणावळ्यात चहा प्यायला थांबलो तिथेही. मी म्हटलं, "बाबा, तासाभरात घरी पोचतोय." म्हणाले, "पोचलो की बोल."

रात्री साडेनऊला पोचलो. लिफ्ट बंद. मी आणि नवऱ्यानं तो कॅन तीन मजले चढवला, कारण पाणी खाली ओतून द्यायला त्यांनी साफ नकार दिला. सकाळी उठले, लोटीनं मोजून मोजून मोगऱ्याला घातलं, कढीपत्त्याला घातलं. अर्धा कॅन उरला. तो गॅलरीत झाकून ठेवलाय आणि मला बजावलंय, भांड्यांना वापरायचा नाही.