'घरात गोळ्यांचा डबा म्हणजे सैतानाला ठेवलेला भाडेकरू': काल वाचलेल्या पोस्टला माझं उत्तर

संशयी_थोमा
काल इथे एका भावाने लिहिलं, 'ज्याच्या घरात गोळ्यांचा डबा, त्याने सैतानाला भाडेकरू ठेवलाय. तोंडाने बरेपण कबूल करा, बरे व्हाल.' खाली आमेनची रांग. रात्रभर डोक्यातून जाईना, म्हणून लिहितोय. लांबलं तर लांबलं.

माझी मावशी परळच्या चाळीत राहायची. जुनी डायबेटिस. एका हॉलमध्ये उपास-प्रार्थनेला जायला लागली. एकदा मी पाणी घ्यायला तिचा फ्रिज उघडला, तर दारातल्या कप्प्यात, लिंबाच्या लोणच्याशेजारी असायची ती इन्शुलिनची पेनं गायब. त्या जागी खोबरेल तेलाची छोटी बाटली, वर चिकटपट्टी, पट्टीवर बॉलपेनने 'अभिषेक'. म्हणाली, 'मी बरी झालेय रे, आता सुई टोचली तर प्रभूवर अविश्वास होईल.' स्टेजवर साक्षही देऊन झाली होती. दीड-दोन महिन्यांत अंगठा काळा पडला, मग गुडघ्याखालून पाय कापावा लागला. पास्टर वॉर्डात आले, पलंगाच्या दांडीवर हात ठेवून म्हणाले, 'ताई, मनात कुठेतरी शंका आली असणार.' पाय गेला तो गेलाच, वर दोषही तिच्याच पदरात.

बायबलात प्रेषित पौलाने शिष्य तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितला. सोबती त्रफिमाला मिलेत गावात आजारी सोडून पुढे गेला. स्वतःच्या शरीरातल्या काट्यासाठी तीनदा विनवणी केली, काटा तसाच. प्रभूचं उत्तर एवढंच: 'माझी कृपा तुला पुरे आहे.' त्याच्याही घरात भाडेकरू होता म्हणायचा का?

प्रभूचा_सेवक_कुर्ला
मावशींचं वाचून वाईट वाटलं. पण अर्धं वचन देऊ नका. त्या काट्याला तिथेच 'सैतानाचा दूत' म्हटलंय, ते बरं गाळलंत! आणि मोहरीच्या दाण्याएवढ्या विश्वासाने डोंगर हलतो हे कोणी सांगितलं, आमच्या पास्टरने? तुमच्या दगडी चर्चमध्ये सामर्थ्य उरलेलं नाही म्हणून जिथे आहे तिथे बोटं मोडायची. रविवारी नऊला यायचं, साडेदहाला मटणाच्या लाइनीत.

संशयी_थोमा
मटणाचं मान्य. पण मोहरीचा दाणा लहान म्हणून सांगितलाय हो. तुम्ही लोकांकडून नारळाएवढा मागताय.

धारावीची_सुनीता
मी कोणाची वकिली करत नाही. माझा नवरा दारूत पार गेला होता. आमच्या जुन्या मंडळीच्या कमिटीकडे गेले, तर म्हणाले सोमवारी या. संगतीतले दोघं भाऊ रात्री पावणेदोनला आले, नाल्याजवळून त्याला उचलून आणला. पहाटेपर्यंत अन्य भाषेत, म्हणजे आत्मा बोलवतो म्हणतात त्या अनोळखी बोलीत, प्रार्थना करत बसले. मला एक अक्षर कळलं नाही. त्याची उलटीपण त्यांनीच पुसली, माझ्याच गाऊनच्या फडक्याने. नऊ वर्षं झाली, बाटलीला हात नाही. हे सामर्थ्य नाही तर काय आहे, सांगा ना मला.

संशयी_थोमा
ताई, याला माझ्याकडे उत्तर नाही. सोमवारी या म्हणणारे बहुतेक माझे काकाच असतील.

पेटीवाला_गिरगाव
खरा मुद्दा कोणी काढतच नाही. या हॉलांमध्ये इंग्लिश सर्व्हिस आठला, हिंदी दहाला, तमिळ बाराला. आणि मराठी? दुपारी अडीचला, एसी बंद करून! पवित्र आत्म्याला मराठी येत नाही का? ना. वा. टिळकांची भजनं ज्या भाषेत आहेत, तिथली पोरं आता 'तेरी हुजूरी में' म्हणत डोलतात.

प्रभूचा_सेवक_कुर्ला
काका, तुमच्या मराठी उपासनेला किती जण असतात?

पेटीवाला_गिरगाव
संख्येचा प्रश्न नाही.

प्रभूचा_सेवक_कुर्ला
म्हणजे चौदा.

पेटीवाला_गिरगाव
एकोणीस! आणि आमच्याकडे प्रार्थना करताना डोक्यावर हात ठेवून कोणी ढकलून पाडत नाही. माझा नातू तुमच्याकडे जातो, घरी येऊन मला विचारतो, 'आजोबा, वल्हांडण म्हणजे काय?'

वसईचा_पाववाला
आम्हा कॅथलिकांकडे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिसा, म्हणजे आमची उपासना, मराठीत आली ती आजही मराठीतच. भाषेचं भांडण तुम्हा प्रोटेस्टंटांनाच लखलाभ. हा अन्य भाषा, चमत्कारी बरेपण वगैरे सगळा पेंटेकॉस्टल प्रकारच अमेरिकन माल आहे, पॅकिंगसकट.

प्रभूचा_सेवक_कुर्ला
सप्टेंबरात माउंट मेरीला मेणाचे पाय वाहणाऱ्यांनी आम्हाला शिकवू नये.

वसईचा_पाववाला
मेणाचा पाय वाहतो, खरा कापून घेत नाही.

केडगावकरीण
पाववाले दादा, हे फार लागेल असं बोललात. मावशींचा भाचा वाचतोय इथे.

आणि अमेरिकन माल? लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवर, जिथून हे सुरू झालं म्हणतात, सभा सुरू झाल्या एप्रिल 1906 मध्ये. केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात जून 1905 मध्येच संजीवन, म्हणजे आत्मिक जागृती, सुरू झालं होतं. एका मुलीला दुसरीच्या अंगावर आग दिसली आणि ती पाण्याची बादली आणायला धावली. आपल्या पुणे जिल्ह्यातली गोष्ट आहे ही.

पण सेवकभाऊ, तुम्ही खूश होऊ नका. रमाबाईंनी त्याच आवारात दुष्काळातल्या मुली सांभाळल्या, विहिरी खणल्या, छापखाना चालवला, मूळ भाषांवरून बायबल मराठीत आणलं. त्यांची एकुलती लेक मनोरमा 1921 मध्ये गेली, आईच्या आधी. पुढच्याच वर्षी रमाबाई गेल्या. केडगावला त्या आवारात उभं राहून 'बाई, तुम्हाला शंका आली असणार' म्हणायची कोणाची छाती आहे? 'तोंडाने कबूल करा' हे केनयन आणि हेगिन या अमेरिकन प्रचारकांचं. असेंब्लीज ऑफ गॉडने, म्हणजे पेंटेकॉस्टलांच्या घरातल्यांनीच, 1980 मध्ये त्यातल्या चुका लेखी दाखवल्यात.

विवेकी_मुलुंड
सगळेच बुवा सारखे. 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, तक्रार करा आणि मोकळे व्हा.

संशयी_थोमा
वाचलाय. उपचार अडवण्याचं कलम कुत्रा, साप, विंचू चावल्यावरचं आहे. मावशीला विंचू चावला नव्हता.

प्रभूचा_सेवक_कुर्ला
हे बघा, डॉक्टरकडे जाऊ नका असं आमचे पास्टर कधीच म्हणत नाहीत. ते स्वतः बीपीची गोळी घेतात.

संशयी_थोमा
स्टेजवरून सांगतात?

प्रभूचा_सेवक_कुर्ला
मला माहीत आहे, कारण मीच आणून देतो. स्टेजवर कशाला सांगतील?

धारावीची_सुनीता
कशाला म्हणजे? माझी सासू गोळ्या घेत नाहीये गेल्या आठवड्यापासून. तुमच्यासारख्याच एका हॉलमधून आल्यापासून. सांगू दे ना त्यांना.

प्रभूचा_सेवक_कुर्ला
...बरं ताई. रविवारी बोलून बघतो. वचन देत नाही.

पेटीवाला_गिरगाव
हिंदीत सांगणार की मराठीत?