अडुळशाची फांदी कुंडीत सडते त्याबद्दल

वर विचारलंय की अडुळशाची फांदी दोनदा लावली आणि दोन्ही वेळा सडली. बहुतेक कोवळा हिरवा शेंडा लावला असणार, तो सडतोच. पेन्सिलीएवढी जाड, जरा तपकिरी झालेली काडी घ्या, तीन-चार पेरं असलेली. अडुळशाची पेरं फुगीर असतात, हाताला लगेच कळतात. दोन पेरं मातीत जातील अशी लावा, पानं काढून टाका आणि माती नुसती ओलसर ठेवा, चिखल नको. जूनचे पहिले पाऊस झाले की लावलं तर हमखास जगतं. एकदा धरलं की मग काही बघावं लागत नाही, पान इतकं कडू की शेळ्यासुद्धा तोंड लावत नाहीत, म्हणूनच आमच्या गावाला कुंपणालाच असतो.

थंडीत पांढरी फुलं येतात, जबडा उघडल्यासारखी, आत जांभळट रेघा. लहानपणी आम्ही फूल उपटून देठाकडून मध चोखायचो, अजूनही दिसलं की हात जातोच.

खोकल्याला आई पानं वाफवून पिळायची, कच्च्या पानांतून रस निघतच नाही नीट, आणि चमचाभर रसात मध घालून द्यायची. खोकल्याच्या गोळ्यांतलं ब्रोमहेक्सिन हे औषध अडुळशातल्याच व्हॅसिसिन नावाच्या द्रव्यावरून बनवलंय. पण प्लीज, गरोदर बाईला अजिबात देऊ नका, याने गर्भाशय आकुंचन पावतं. वर्षाच्या आतल्या बाळाला तर मधही नको आणि खोकल्यातून रक्त पडत असेल तर सरळ डॉक्टर गाठा.