व्यक्तिकेंद्री शुश्रूषा पाळीच्या तक्त्यात बसते का?

दाभोळखाडी (धागाकर्ता)
स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांना ठेवून घेणाऱ्या निवासांच्या माहितीपत्रकांत ‘व्यक्तिकेंद्री शुश्रूषा’ हे शब्द आता हमखास आढळतात. आजाराआधी माणूस पाहावा, हा विचार ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ टॉम किटवुड यांनी १९९७ मध्ये विस्ताराने मांडला. परंतु ज्या सेवकांना संस्था माणूस म्हणून वागवत नाही, त्यांच्याकडून रहिवाशांना तशी वागणूक मिळणार नाही, हेही त्यांचेच म्हणणे होते. माहितीपत्रकांत हा उत्तरार्ध नसतो.

समजा, हर्णै बंदरात हयात घालवलेले आजोबा रात्री तीन वाजता उठून दाराशी जातात. ते भटकत नसतात. होडी काढायची त्यांची वेळ झालेली असते. हे ठाऊक असलेले मामा, म्हणजे तिथले सेवक, त्यांना चहा देऊन, ‘आज वारा आहे, होड्या वर ओढल्यात’ असे सांगून थोडा वेळ शेजारी बसू शकतात. मात्र बारा तासांच्या रात्रपाळीत मजल्यावर एकटेच असलेल्या आणि अंथरुणाला खिळलेल्यांची कूसही दर दोन तासांनी बदलायची असलेल्या मामांनी कोणाजवळ बसायचे? मग अँटिसायकोटिक, म्हणजे तीव्र मनोविकारांवरची, गोळी दिली जाते. स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांत या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्येच दिलेला आहे.

निवास-व्यवस्थापक, सिंधुदुर्ग
आपले निदान एकांगी आहे. पहाटे पाचला सर्वांच्या आंघोळी उरकण्याची रीत मी भरपूर सेवक असलेल्या शहरी संस्थांतही पाहिली आहे. कोणाला संध्याकाळची आंघोळ आवडते, कोणाला पेजेबरोबर लोणचे लागते, हे विचारायला पैसे पडत नाहीत. मनोवृत्तीच नसेल, तर पगार दुप्पट करूनही काही साधणार नाही.

निवृत्त परिचारिका, चिपळूण
पहाटेच्या आंघोळींमागे मनोवृत्ती नसून हँडओव्हर, म्हणजे एका पाळीने दुसरीकडे काम सोपवणे, असतो, साहेब. दिवसपाळीला माणसे ‘तयार’ मिळाली पाहिजेत, हा नियम कार्यालयाचा असतो. मावशी तो मोडू लागल्या, तर बोलणी त्यांनाच बसतात. आवडीनिवडी विचारायला पैसे पडत नाहीत हे खरे. परंतु विचारणारी बाई पुढच्या महिन्यात सेवक पुरवणाऱ्या ब्यूरोने दुसरीकडे पाठवली, की ते ज्ञान तिच्याबरोबर जाते.

गणपतीत तर हे उघडच दिसते. घरोघरी गणपती असल्याने सेवकांना रजा हवी असते, ती मिळायलाही हवी. नेमके त्याच दिवसांत चाकरमानी भेटीला येतात, अनोळखी बदली माणसे आणि वाढलेली वर्दळ यांनी वृद्ध बिथरतात, आणि ‘आईची तब्येत खालावली’ असा निष्कर्ष घेऊन मंडळी मुंबईस परततात.

परळचा चाकरमानी
माझी आई आता केवळ मालवणी बोलते. तिच्याशी सर्वांत चांगले जुळले ते झारखंडहून आलेल्या मुलीचे, कारण ती टिकली. कुडाळच्या दोघी भाषा जाणणाऱ्या होत्या, पण त्या एकामागून एक सोडून गेल्या. त्यामुळे मी धागाकर्त्याशी सहमत आहे. तथापि फी वाढली, तर माझ्यासारखा माणूस आईला घरी आणील आणि तिथे एकट्या सुनेची बारमाही पाळी सुरू होईल, हेही लक्षात घ्यावे.

दाभोळखाडी
ही अडचण मान्य आहे. देशात साठीपुढील सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असावा, असा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे, आणि त्यात ग्रामीण भागातील प्रमाण शहरांहून अधिक आहे. तेव्हा हा भार केवळ फीवर टाकता येणार नाही, सरकारी अनुदान लागेल. मात्र मनोवृत्तीचा युक्तिवाद मला पटत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये केवळ सेवक कमी आहेत म्हणून रुग्णाला बांधून ठेवण्यास मनाई आहे. माणसे कमी पडली की हात पलंगाला बांधले जातात, हे कायदा करणाऱ्यांना दिसले होते.

निवास-व्यवस्थापक, सिंधुदुर्ग
ते कलम मानसिक आरोग्य आस्थापनांसाठी आहे. आमच्याकडील बहुतेक वृद्धाश्रम त्या कायद्याखाली नोंदलेलेच नाहीत. आंघोळीची वेळ मी बदलू शकेन. रात्रीचा दुसरा माणूस मात्र सध्याच्या फीत बसत नाही.

परळचा चाकरमानी
फी वाढवा, पण वाढीव रक्कम इमारतीच्या रंगात न जाता रात्रपाळीच्या पगारात गेल्याचे आम्हा नातेवाइकांना दाखवा.

निवास-व्यवस्थापक, सिंधुदुर्ग
पगारपत्रक कोणालाही दाखवणार नाही. पाळीचा तक्ता दर्शनी भिंतीवर लावीन.

निवृत्त परिचारिका, चिपळूण
त्यात ‘ब्यूरो १, ब्यूरो २’ असे न लिहिता माणसांची नावे लिहा.